बोर्सालिनो : नमद्याचा उस्ताद

ग्वाल्हेरची थंडी साधी नाही. पौषातल्या पहाटे तंबोरा जुळवायला बसले म्हणजे आधी बोटे चोळून घ्यावी लागतात, मग खुंट्यांना हात लागतो. अशा थंडीत डोके उघडे ठेवणे आपल्या जुन्या मंडळींना ठाऊक नव्हते. नावेच्या नाळेसारखे टोक काढलेली शिंदेशाही पगडी होती, पागोटी होती, फेटे होते. पुढे पगड्या खुंटीला लागल्या आणि त्यांच्या जागी काळी टोपी आली. तीही गेली. आता उरला मफलर किंवा कानटोपी. आणि कानटोपी घालून कुणी मैफलीस किंवा लग्नास जात नाही.

तथापि प्रश्न संपलेला नाही, तो परदेशी गेला आहे. आपल्या जुन्या घराण्यांतील कितीतरी मुले आज बर्फाच्या देशांत नोकरीस आहेत. सुटीत भेटली म्हणजे सांगतात की तिकडे कोट मिळतो, बूट मिळतात, पण चार प्रतिष्ठित लोकांत शोभेल आणि थंडीही अडवील अशी हॅट निवडताना माणूस गोंधळतो. दुकानात एकाच रंगाच्या, एकाच घाटाच्या दोन हॅटी शेजारी मांडलेल्या असतात आणि एकीची किंमत दुसरीच्या कितीतरी पट असते. डोळ्याला तर फरक दिसत नाही. मग तो असतो कशात?

मी गाण्याचा शिक्षक. हॅटीशी माझा संबंध यावा असे काही कारण नव्हते. पण इटलीतील ऑपेराविषयी वाचत असताना वेर्दीच्या ‘एर्नानी’पाशी मला एक टोपी भेटली, आणि त्या टोपीच्या मागे लागलो तो एक माणूस भेटला. त्याचे नाव जुझेप्पे बोर्सालिनो. या माणसाचे आडनाव इटालियन भाषेत पुढे सामान्यनामच होऊन बसले. बोर्सालिनो म्हणजे नमद्याची उत्तम हॅट. वरील प्रश्नाचे उत्तर त्याच्या आयुष्यात जितके स्वच्छ सापडते तितके दुकानदाराच्या बोलण्यात सापडत नाही, म्हणून ते येथे सांगतो.

जुझेप्पेचा जन्म १५ सप्टेंबर १८३४ रोजी पेचेत्तो दि वालेंझा या लहानशा गावी झाला. इटलीच्या वायव्येस पिएमोंते म्हणून प्रांत आहे. त्यातील अलेस्सांद्रिया शहराजवळच्या टेकड्यांत हे गाव आहे. त्या वेळी इटली नावाचे एक राष्ट्रच नव्हते. पिएमोंतेवर सव्हॉय घराण्याचा राजा होता, मिलान आणि व्हेनिसवर ऑस्ट्रियाचा अंमल होता, मध्ये पोपचे राज्य आणि ड्यूकांची लहानमोठी संस्थाने. संस्थानी मुलखात मुळे रुजलेल्या आपल्यासारख्यांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. अलेस्सांद्रिया हे तानारो नदीकाठचे किल्ल्याचे शहर. जवळच मारेंगोचे मैदान आहे, जेथे १८०० साली नेपोलियनने ऑस्ट्रियाच्या फौजेचा पराभव केला. हिवाळ्यात या सखल प्रदेशावर दाट धुके उतरते आणि दिवसचे दिवस हलत नाही. अशा हवेत डोक्यावरची वस्तू ऊबदार तर हवीच, शिवाय ती ओल धरणारी नको. चांगल्या नमद्याची कदर करायला त्या लोकांना हवेनेच शिकवले असावे.

शाळेत पोराचे मन रमले नाही. बारा-तेरा वर्षांचा असताना तो टोप्या करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस राहिला. उमेदवारी हा शब्द आपण हल्ली निवडणुकीपुरता ठेवला आहे. पूर्वी तिचा अर्थ असा की पाणी भरायचे, भट्टी पेटवायची, झाडलोट करायची आणि या कामांच्या फटीतून उस्तादाचा हात कसा चालतो ते बघून ठेवायचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी याच ग्वाल्हेरात वासुदेवबुवा जोशांकडून जी विद्या मिळवली ती अशीच राबून मिळवली. कोणत्याही हुन्नराचे पहिले पाठ बहुधा तोंडाने दिले जात नाहीत.

त्याच सुमारास इटलीत टोपी ही धोक्याची चीज झाली होती. १८४४ साली व्हेनिसच्या ‘ला फेनिचे’ नाट्यगृहात वेर्दीचा ‘एर्नानी’ प्रथम झाला. त्यातला नायक सरदार घराण्यातला, पण अन्यायामुळे रानात जाऊन बंडखोर झालेला. रंगभूमीवरील बंडखोराची ती रुंद काठाची, उंच माथ्याची मऊ टोपी तरुणांनी उचलली. ऑस्ट्रियाच्या अमलाखालच्या शहरांत ती घालून हिंडणे म्हणजे तोंडाने काही न बोलता परकी सत्ता नको म्हणणे. सरकारी अधिकारी आणि त्यांच्या मर्जीतले लोक कडक, उंच, रेशमी टोपी घालत; मऊ नमद्याची टोपी देशभक्तांची. १८४८ च्या आरंभी मिलानच्या पोलिसांनी ‘एर्नानी’ घाटाच्या टोप्यांवर बंदीच घातली. त्याच वर्षी मार्चमध्ये शहर उठले आणि पाच दिवस रस्त्यांवर लढले. आपल्याकडे १९२० नंतर खादीच्या पांढऱ्या टोपीने जे काम केले, ते आठवले म्हणजे टोपीवर बंदी घालणाऱ्या सरकारची भीती समजते. पिएमोंतेच्या राजाने त्या वेळी ऑस्ट्रियाशी युद्ध पुकारले, परंतु १८४९ मध्ये नोव्हारा येथे त्याचा पराभव झाला आणि त्याने गादी सोडली. या सगळ्या धामधुमीत आपला जुझेप्पे टोप्यांच्या भट्टीपाशी उभा होता. राजकारणातला त्याचा वाटा मी सांगत नाही. परंतु ज्या मऊ टोपीवर त्याने पुढे आयुष्य उभारले तिला लोकांच्या डोक्यावर मानाची जागा मिळवून दिली ती या उलथापालथीने आणि एका गाण्याच्या नाटकाने, हे खरे.

१८५० च्या सुमारास, सोळाव्या वर्षी, तो फ्रान्सला गेला. हिंडत हिंडत पॅरिसला पोचला आणि रू द्यु तांप्ल या रस्त्यावरील बेर्तेय यांच्या टोप्यांच्या कारखान्यात लागला. त्या काळी टोपीची विद्या शिकायची तर पॅरिस. जसे ख्याल शिकायचा तर ग्वाल्हेर. तेथे त्याने काही वर्षे काढली आणि शेवटी उस्ताद टोपीकार असे प्रशस्तिपत्र घेऊन परत फिरला.

तो तेथे नेमके काय शिकला, हे समजण्यासाठी नमदा म्हणजे काय ते थोडे पाहिले पाहिजे. सारा प्रश्न तेथेच सुटतो.

विणलेल्या कापडात ताणा असतो, बाणा असतो. नमद्यात दोन्ही नाहीत. सशाच्या, रानसशाच्या किंवा बीव्हर नावाच्या जलचर प्राण्याच्या कातड्यावर वर राठ केस असतात आणि त्याखाली बारीक, दाट लव असते. ही लव घेऊन राठ केस टाकून द्यायचे. लवेच्या प्रत्येक तंतूवर डोळ्याला न दिसणारे खवले असतात. ऊन पाणी, वाफ आणि दाब मिळाला की हे खवले एकमेकांत अडकतात आणि एकदा अडकले की सुटत नाहीत. पिंजलेली लव भोके पाडलेल्या धातूच्या शंकूवर हवेच्या ओढीने बसवतात आणि वरून गरम पाणी सोडतात. तयार होते ते एक भलेमोठे, ढिले, ओले टोपडे, डोक्यापेक्षा कितीतरी मोठे. मग ते गुंडाळून, दाबून, उकळत्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवून आटवत न्यायचे. आटता आटता त्याचा आकार निम्म्याहूनही कमी होतो आणि अंग घट्ट होते. नंतर रंग द्यायचा, लाकडी ठोकळ्यावर ताणून माथा काढायचा, काठ कापायचा, वरचा खरखरीतपणा बारीक कागदाने घासून मखमलीसारखा करायचा, आत कातड्याची पट्टी आणि बाहेर रेशमी फीत शिवायची. उत्तम हॅटीला अशा पन्नासावर क्रिया लागतात आणि काही आठवडे जातात. त्यांतली एकही घाईने उरकता येत नाही. लवकर आटवलेला नमदा वरून सारखाच दिसतो, पण दोन पावसाळ्यांत त्याचा काठ लोंबू लागतो.

गाणे शिकवताना मला हे रोज दिसते. ज्याचा षड्ज वर्षभर घासलेला नाही त्याची तान पहिल्या दिवशी ऐकणाऱ्याला फसवू शकते. आटवणीत कसूर केलेल्या हॅटीचेही तसेच आहे.

या धंद्याची एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. सशाची लव लवकर अडकत नाही. तिचे खवले उघडावेत म्हणून शोऱ्याच्या तेजाबात पारा विरघळवून ते पाणी कातड्यांवर चोळत. कातडी सुकवताना आणि नमदा आटवताना त्याची वाफ कोंदट खोल्यांत भरे आणि कामगारांच्या छातीत जाई. काही वर्षांत हात कापू लागत, दात हलत, माणूस भित्रा, चिडखोर, एकलकोंडा होई. टोपीकार म्हणजे डोक्याने सुटलेला, अशी म्हणच इंग्रजीत पडून गेली. हसणाऱ्यांना तिच्यामागचे दुखणे दिसत नव्हते. जुझेप्पे ज्या पॅरिसमध्ये शिकला तेथल्या धंद्यात हे रसायन सर्रास होते. अमेरिकेतल्या टोप्यांच्या कारखान्यांतून पारा गेला तो १९४१ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर एक्केचाळीस वर्षांनी. एकोणिसाव्या शतकातल्या ज्या देखण्या हॅटी आपण जुन्या फोटोंत पाहतो त्यांची किंमत कुणाच्या तरी हातांनी चुकती केलेली आहे.

४ एप्रिल १८५७ रोजी जुझेप्पेने आपला भाऊ लाझ्झारो याच्यासह अलेस्सांद्रियात स्वतःचा कारखाना काढला. कारखाना हा शब्द मोठा झाला. एका वाड्याच्या चौकातली ती कार्यशाळा होती. वय अवघे बावीस. मात्र वेळ चांगली साधली. तोरिनो ते जेनोवा ही रेल्वे १८५३ मध्ये पुरी झाली होती आणि अलेस्सांद्रिया तिच्या मार्गावरच होते. जेनोवाच्या बंदरातून माल यायला आणि जायला वाट मोकळी झाली. चार वर्षांनी, १८६१ मध्ये, इटली एका राजाखाली आली आणि पूर्वीचे जकातीचे अडथळे गेले. १८७१ पर्यंत सुमारे १३० कामगार आणि रोज ३०० हॅटी इथवर मजल गेली.

याच काळातली एक कथा त्याच्याविषयी सांगतात. लंडनमध्ये १८४९ साली गोल माथ्याची, कडक नमद्याची हॅट निघाली होती. तिला बाउलर म्हणतात. तिची कडक करण्याची विद्या इंग्रज कारखानदार कुणाला देत नसत. जुझेप्पे प्रतिष्ठित पाहुणा म्हणून इंग्लंडातील एक कारखाना पाहायला गेला, पायऱ्यांपाशी ठेच लागल्याचे निमित्त करून कढईत हात बुडवला, रुमालाने पुसला, आणि तो रुमाल तसाच खिशात घालून परत आला, अशी ती कथा. खरीखोटी कोणी तपासलेली नाही. मला मात्र ती ऐकताच आपल्या हद्दूखाँ-हस्सूखाँची आठवण झाली. बडे महंमदखाँ यांची तानेची गायकी त्यांनी शिंदे सरकारच्या दरबारात पडद्याआड बसून उचलली, ही कथा ग्वाल्हेरच्या प्रत्येक गवयाच्या घरात सांगितली जाते; मीही ती पाळण्यापासून ऐकत आलो. दोन्ही कथांत शिकणारा चोर ठरतो खरा, पण हात किंवा कान आधीच तयार नसता तर रुमाल आणि पडदा दोन्ही फुकट गेले असते.

त्या कढईत काय असावे याचा अंदाज करणे अवघड नाही. नमदा कडक करण्यासाठी लाख वापरत, आणि जगाला लाख पुरवणारा देश हिंदुस्थान. छोटा नागपूरच्या जंगलात पळसावर आणि कुसुंबावर किड्यांनी धरलेली लाख धुऊन, वितळवून, पापडासारखी ताणून कलकत्त्याहून बोटीने जाई. पुढे १८९५ नंतर हीच लाख ग्रामोफोनच्या तबकड्यांत गेली. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजानचा आवाज ज्या तबकड्यांवर उमटला त्याही लाखेच्याच. युरोपातल्या माणसाच्या डोक्यावरची कडक हॅट आणि आमच्या घरी जपून ठेवलेल्या जुन्या तबकड्या यांचे असे एका झाडावरचे नाते आहे.

१८८८ मध्ये बोर्सालिनोंचा कारखाना मोठ्या जागेत गेला. रस्त्याचे नाव शंभर तोफांचा रस्ता. ऑस्ट्रियाविरुद्ध अलेस्सांद्रियाच्या किल्ल्यावर शंभर तोफा चढवाव्यात म्हणून १८५६ मध्ये लोकांनी वर्गणी जमवली होती, तिची ती आठवण. या नव्या कारखान्यासाठी जुझेप्पेने इंग्लंडातील स्टॉकपोर्टच्या बॅटर्सबी यांची यंत्रे आणली. टोपी आता यंत्राने होऊ लागली म्हणून जुन्या कारागिरांनी नाके मुरडली असतील. परंतु यंत्राला काय द्यायचे आणि हाताला काय राखायचे हे ज्याने भट्टीपासून शिकले आहे त्यालाच कळते. लव पिंजणे, शंकूवर बसवणे ही दमाची कामे यंत्राकडे गेली. लवेची पारख, रंगाची छटा, काठाची शेवटची वळणे ही माणसाच्या बोटांत राहिली आणि आजही तेथे ती बरीचशी बोटांतच आहेत. कारखान्यात बायका मोठ्या संख्येने काम करत. शहरात त्यांना बोर्सालिने असेच म्हणत. फीत आणि कातडी पट्टी शिवणारे त्यांचे हात नसते तर त्या हॅटीला नाव मिळाले नसते.

मऊ हॅटीचे दिवसही आले होते. इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, जर्मनीतल्या होम्बुर्गच्या उन्हाळ्याच्या पाण्यावर जाऊन एक हॅट घालून परतला आणि होम्बर्ग रूढ झाली. पॅरिसमध्ये १८८२ साली सार्दूचे ‘फेदोरा’ हे नाटक आले. त्यात राजकन्येची भूमिका करणारी सारा बर्नार मऊ हॅट घालून रंगभूमीवर आली आणि हॅटीलाच फेडोरा नाव पडले. त्याच नाटकावर जोर्दानोने रचलेला ऑपेरा १८९८ मध्ये मिलानला झाला. तरुण कारूझो त्यातून पुढे आला. म्हणजे ज्या हॅटीला आज आपण पुरुषी म्हणतो तिचे नाव एका नटीने दिले आहे. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांचे लुगडे आणि दागिने पाहून घरोघरच्या बायका तशी मागणी करत, हे ज्यांनी आपल्या घरी ऐकले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

शतक सरता सरता कारखान्याचे उत्पादन वर्षाला साडेसात लाख हॅटींच्या घरात गेले आणि त्यांतल्या बऱ्याच समुद्रापार जाऊ लागल्या. १ एप्रिल १९०० रोजी जुझेप्पे बोर्सालिनो वारला. दोनच आठवड्यांनी पॅरिसचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन उघडले आणि त्यात त्याच्या हॅटीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ज्या शहरात तो मजुरी करून शिकला त्याच शहराने दिलेली ही दाद त्याच्या कानी पडायची राहून गेली.

पुढचे थोडक्यात सांगतो. मुलगा तेरेझिओ याने कारखाना वाढवला आणि पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर वर्षाला वीस लाख हॅटी निघू लागल्या. त्याने शहराला नळाचे पाणी, भुयारी गटारे, इस्पितळ आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम दिले. तो १९३९ मध्ये वारला. मध्यंतरी भाऊबंदकी झाली. लाझ्झारोच्या मुलाने १९०६ मध्ये वेगळा कारखाना काढला आणि त्यालाही बोर्सालिनो हेच नाव दिले. तेव्हा मूळ घराण्याला आपल्या हॅटींवर जुनी पेढी असे लिहावे लागले. गिऱ्हाईकाला आतली पट्टी उलटून वाचल्याशिवाय हॅट घेण्याची सोय राहिली नाही. मग हे दोन्ही कारखाने पुन्हा एक झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपची डोकी उघडी पडली. मोटारीच्या बुटक्या छपराखाली हॅट मावेना आणि तरुणांना ती बापाची वाटू लागली. हंफ्री बोगार्टचा १९४२ चा ‘कासाब्लांका’ आणि अलाँ दलाँ व बेलमाँदो यांचा १९७० चा ‘बोर्सालिनो’ हे चित्रपट गाजले, पण नाव गाजून हॅटी खपत नाहीत. शंभर तोफांच्या रस्त्यावरचा कारखाना १९८० नंतरच्या दशकात तेथून हलला आणि त्याची धुराडी पाडण्यात आली. डिसेंबर २०१७ मध्ये पेढीचे दिवाळे वाजले. २०१८ मध्ये दुसऱ्या मालकांनी ती उचलली आणि काम चालू राहिले. जुन्या इमारतीत आता विद्यापीठाचे वर्ग भरतात, आणि २०२३ पासून तेथे हॅटींचे संग्रहालयही आहे.

एवढे ऐकून कुणी म्हणेल, तर मग बोर्सालिनो नाव पाहून हॅट घ्यावी हे ठरले. माझा निष्कर्ष तसा नाही. या माणसाने आयुष्यभर जो नमदा पारखला तो पारखायला आपण शिकावे आणि मग नाव कोणतेही असो. गाण्यातही आपण घराण्याचे नाव विचारतो ते सूर ऐकून झाल्यावर.

पारख अवघड नाही. हॅट हातात घ्या. सशाच्या किंवा बीव्हरच्या लवेचा चांगला नमदा आश्चर्य वाटावे इतका हलका असतो आणि तरी दाट लागतो. मेंढीच्या लोकरीचा नमदा स्वस्त आणि टिकाऊ असतो, पण जाड, जड आणि थोडा राठ. ओल धरला की त्याचा घाट बिघडतो. उजेडासमोर धरून पाहा. कुठे पातळ, कुठे जाड असे ढग दिसता कामा नयेत. काठ बोटांनी वाकवा आणि सोडा. तो हळूच पण पुरता जागेवर आला पाहिजे. मनगटावर घासा, गालावरच्या लवेसारखा मऊ लागला पाहिजे. आतली पट्टी खऱ्या कातड्याची आणि शिवलेली हवी, नुसती चिकटवलेली नको. फितीची गाठ पुरुषांच्या हॅटीत डाव्या बाजूस येते. माप घेताना फीत कानांच्या वरून आणि कपाळाच्या मध्यातून फिरवून सेंटिमीटर मोजा, आणि दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठे घ्या. ढिली हॅट आत पट्टी घालून बसवता येते, घट्ट हॅट डोके दुखवते. आपले पगडबंद तरी काय करत? आधी डोके मोजत, मग पगडी बांधत.

रंग काळा, करडा किंवा गडद तपकिरी घ्यावा. समारंभास होम्बर्ग, रोजच्या प्रतिष्ठित वापरास फेडोरा. उचलताना माथ्याची चिमूट धरू नये. तेथेच नमदा पहिल्यांदा फाटतो. दोन्ही हातांनी काठ धरावा. घरात ठेवताना काठावर न ठेवता माथ्यावर उलटी ठेवावी. भिजली तर चुलीपाशी किंवा हीटरपाशी नेऊ नये, सावलीत आपोआप वाळू द्यावी आणि मग मऊ ब्रशाने लव बसली असेल त्या दिशेने झाडावी. उन्हाळ्यात पेटीत ठेवताना कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

एवढी निगा राखली तर चांगली हॅट वीस-तीस वर्षे सहज जाते आणि बापाची मुलाला होते. आतली कातडी पट्टी तेवढी घामाने खराब होते. ती बदलून मिळते. जुझेप्पे बोर्सालिनोचे नाव याच पट्टीवर छापलेले असते. हॅट डोक्यावर असताना ते कुणालाच दिसत नाही. लोकांना दिसतो तो नमदा आणि त्याचा घाट. अलेस्सांद्रियाच्या त्या कारागिराला याहून वेगळे काही हवे होते असे मला वाटत नाही.